वाणात आलेला कन्व्हर्टर

बाकीच्या बायका नवऱ्याच्या शर्टाला अत्तराचा वास येतोय का बघत असतील. मी सोल्डरचा वास बघायचे. सोल्डरिंग करताना, म्हणजे सोल्डरची तार वितळवून जोड देताना, तारेतली राळ जळते आणि तिचा धूर कपड्यांत बसतो. तो वास आमच्या घरालाही होताच. पण रविवारी संध्याकाळी दौंडहून परतलेल्या शर्टाला यायचा तो वेगळा, जरा गोडसर. म्हणजे त्या बाईकडची तार आमच्या तारेपेक्षा भारीतली होती. शर्ट बादलीत बुडवताना मला हे कळायचं आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या बाईला आमच्या घरात नुसतं ‘मॅडम’ म्हणत. दौंडात स्टेशनाजवळ त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि क्लासमागच्या खोलीत त्या यूपीएस, मॉनिटर असलं काहीबाही दुरुस्त करायच्या. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. आमचे हे मात्र दर रविवारी सकाळी शिरूरच्या स्टँडावर जायचे, न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथं गाडी बदलून दौंडला, आणि दिवेलागणीला घरी. आल्या आल्या चपला काढायच्या आत पहिलं वाक्य ठरलेलं: “मॅडम म्हणाल्या…”

दोन हजार सालाच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. आम्ही शिरूरला दोन खोल्यांत राहायचो. हे रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. मशीन बंद पडलं की वायरिंगच्या नकाशांची जाडजूड फाईल बगलेत मारून शिडीवर चढायचं, एका हाताने फाईल धरायची, दुसऱ्या हाताने टेस्टर, आणि तिसरा हात देवाने दिलेला नाही म्हणून चडफडायचं, असं ह्यांचं काम. कुठल्याशा मासिकात ह्यांनी वाचलं की परदेशात लोक कॉम्प्युटर अंगावर घालून हिंडतात. कमरेला मशीन, डोळ्यासमोर इवलीशी काच, काचेत अक्षरं. झालं. नकाशे काचेत आणायचे आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे, असं ह्यांच्या डोक्याने घेतलं.

सामान हळूहळू जमलं. भंगारात काढलेल्या एका मशीनमधला तळहाताएवढा कॉम्प्युटरचा बोर्ड ह्यांनी साहेबांना विचारून घरी आणला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका दुकानदाराचा कॅमेरा मांडवात पडून फुटला होता, त्याची डोळा लावून बघायची काच मिळाली. यूपीएसमधली बॅटरी आणली, ती विटेएवढी आणि विटेइतकीच जड. हे सगळं एका पट्ट्यावर बसवून कमरेला बांधायचं होतं.

आता माझं सांगते. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला आहे. वर्गात आम्ही मोजक्याच मुली, आणि प्रॅक्टिकलला सगळे माझ्या टेबलाभोवती उभे राहायचे. लग्नाआधी वर्षभर पुण्याला टीव्ही जोडायच्या कारखान्यात होते. लग्नानंतर शिरूरला आले आणि नोकरी सुटली ती सुटलीच. ह्यांचा हात जड, बारीक जोड ह्यांना जमत नाहीत, म्हणून सोल्डरिंग माझ्याकडे असायचं. ते ह्यांनी सहज मान्य केलं होतं, जसं भाकरी माझ्याकडे तसं सोल्डरिंगही माझ्याकडे. पण कुठं काय लावायचं, हे विचारायला मात्र हे दौंडला जायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मला फार काही नको होतं. ह्यांनी एकदा, फक्त एकदा, मला विचारावं: “कोणता लावू?” एवढ्यासाठी मी त्या वर्षी जळत होते.

भानगड होती ती विजेची. बॅटरी बारा व्होल्ट देते, बोर्डाला पाच लागतात, काचेलाही पाच. मधे काहीतरी बसवून बाराचे पाच करायला हवेत. त्या काहीतरीला कन्व्हर्टर म्हणायचं. ह्यांच्या डोक्यात पहिली आयडिया आली ती इन्व्हर्टरची. बॅटरीच्या बारा व्होल्टचे आधी घरच्या लाइटीसारखे दोनशे तीस करायचे, मग कॉम्प्युटरला असतो तो नेहमीचा सप्लाय लावून त्याचे पाच. शिरूरहून दौंडला जायचं तर आधी पुण्याला जाऊन यायचं, तसला प्रकार. माझे सासरे, आबा, कासुर्डीहून दोन-चार दिवसांसाठी आलेले होते. त्यांनी बेत ऐकला आणि तंबाखू मळता मळता थांबले.

“म्हंजी कमरंला लाईट बांधून हिंडायचं व्हय? आरं, बैलाला बी कुणी आसं बांधत न्हाई.”

“आबा, तसं नसतं ते,” हे म्हणाले.

“मग कसं आसतं?”

कसं असतं ते मला माहीत होतं. आबांचंच बरोबर होतं. मी पोह्यांवर कोथिंबीर घातली आणि गप्प बसले, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. त्या रविवारी दौंडहून निरोप आला: “मॅडम म्हणाल्या, इन्व्हर्टर नको.” आणि इन्व्हर्टर गेला.

मग ह्यांनी तीन पायांचं रेग्युलेटर आणलं. साधं, स्वस्त, दुकानात कुठंही मिळणारं. ते बारातले पाच बोर्डाला देतं आणि उरलेले सात उष्णता करून फेकून देतं. बारा भाकऱ्या थापायच्या, पाच खायच्या आणि सात चुलीत घालायच्या. त्याला मागं ॲल्युमिनिअमचा पत्रा लावला तरी ते इतकं तापायचं की ह्यांच्या कमरेला लाल चट्टा उठला. त्यावर मलम लावायला मात्र दौंडला जावं लागलं नाही.

तो चट्टा आबांनी पाहिला. पुढच्या खेपेला येताना त्यांनी घोंगडीचा एक तुकडा आणला. आबांचे वडील मेंढरांमागं फिरलेले. जमिनीवर स्थिर झालेल्या घरात मेंढरं उरली नव्हती, पण घोंगडी होती. काळीभोर, टोचरी, पाण्यालाही दाद न देणारी. आबांचा घोंगडीवर डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास.

“हे मधी घाल. थंडी लागू देत न्हाई, ऊन लागू देत न्हाई, मग ही आग तरी कशी लागंल?”

ह्यांनी मला त्याची पिशवी शिवायला सांगितली. मी शिवली. दाभण वापरून, दुहेरी टाका घालून, रेग्युलेटर बसेल अशी. पट्टा बांधला, कंबर थंड राहिली, आबा खूश झाले. आणि चहा संपायच्या आत काचेतलं चित्र गेलं. जरा वेळाने आलं. परत गेलं.

“बॅटरीच कच्ची आहे,” हे म्हणाले.

आता मात्र मला राहवलं नाही. मी कणीक मळत होते. मळता मळताच म्हणाले, “बॅटरी चांगली आहे. घोंगडीत ऊब कोंडतीये. रेग्युलेटर फार तापलं की स्वतःला बंद करून घेतं, निवलं की चालू होतं. घोंगडी काढा, आणि हे तीन पायांचं सोडून स्विचिंगवालं काहीतरी लावा. ते जाळत नाही, तुकड्या-तुकड्यानं घेतं, जेवढं लागतं तेवढंच.”

ह्यांनी “हं” केलं. नवरे करतात तसलं हं. त्या आवाजात होकारही नसतो आणि नकारही नसतो. बायको बोलतीये एवढीच नोंद असते.

रविवारी संध्याकाळी चपला काढायच्या आत:

“अगं, मॅडम म्हणाल्या, घोंगडीत ऊब कोंडतीये. ती काढा आणि स्विचिंग लावा. जेवढं लागतं तेवढंच घेतं ते. पटतंय मला.”

शब्दसुद्धा माझेच. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले आणि ती करपली. ती करपलेली भाकरी मी ह्यांच्याच ताटात वाढली, आणि ह्यांनी ती मुकाट्याने खाल्ली, एवढंसुद्धा लक्ष नव्हतं.

तेव्हापासून मी त्या बाईचा विचार सोडू शकले नाही. शिरूरच्या बाजारात भाजी घेताना, दळण आणताना, सारखं डोक्यात तेच. तिच्याकडे स्वतःचा क्लास. तिच्या दारावर पाटी. तिचं मत घ्यायला माणूस गाड्या बदलून जातो. मी केलेला डिप्लोमा आणि तिने केलेलं जे काय असेल ते, दोन्ही कागदच. पण तिचा कागद भिंतीवर आणि माझा ट्रंकेत, साड्यांच्या खाली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. मी तर पिकून गळायच्या बेताला आले होते.

एकदा बोर्ड दौंडहून परत आला तर त्यावर एक जोड नवा होता. माझा नव्हता. मॅडमनी बोलता बोलता करून दिला म्हणे. मी भिंग घेऊन बसले. खोट काढायची म्हणून बसले. जोड गोल, चकचकीत, कुठं फाटा नाही की थेंब नाही. माझ्याइतका चांगला होता. खरं बोलायचं तर किंचित जास्तच. मी सोल्डरिंगची गन तापवली, तो जोड सोडवला, आणि त्याच जागी माझा केला. बोर्डाला काही फरक पडला नाही. मला बरं वाटलं.

संक्रांत आली. तिळाचे लाडू वळता वळता माझ्या डोक्यात आलं की आपण ह्या बाईला बघायचंच. आणि बाईने बाईला बघायची आपल्याकडे सगळ्यात सभ्य रीत म्हणजे हळदीकुंकू. मी ह्यांना म्हणाले, “ह्या रविवारी तुम्ही दौंडला जाऊ नका. मॅडमनाच इकडे बोलवा. हळदीकुंकवाला.”

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “मॅडमना? हळदीकुंकवाला?”

“का? त्यांना कुंकू चालत नाही?”

“तसं नाही, पण त्या बिझी असतात.”

“मी रिकामी असते,” मी म्हणाले, “म्हणून बोलावतीये.”

हळदीकुंकवाच्या दिवशी घरात पुरुषांचं काम नसतं. आबा मुक्कामाला होतेच. ह्यांना आणि आबांना मी बाहेर पायरीवर बसवलं. आळीतल्या बायका आल्या, हळदीकुंकू घेतलं, तिळगूळ घेतला, वाण म्हणून मी आणलेल्या साबणाच्या डब्या घेतल्या आणि दुसऱ्या घरी गेल्या. ऊन उतरत आलं तेव्हा दारात एक बाई उभी राहिली. माझ्याच वयाची. माझ्यासारखीच साधी सुती साडी, प्रवासाने विस्कटलेले केस, खांद्याला मोठी कापडी पिशवी. नाकावर चष्म्याचा वळ. मी मनात एक लांब नखांची, भपकेबाज बाई उभी केली होती. ती तशी निघाली असती तर किती सोयीचं झालं असतं. हिच्या बोटांवर माझ्यासारखेच सोल्डरिंगचे बारीक चटके होते. म्हणजे भांडण तोंडवळ्याचं नव्हतंच, डोक्याचं होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

पाट दिला, पाणी दिलं. त्या घटाघटा प्यायल्या आणि माझ्याकडे टक लावून बघत म्हणाल्या, “म्हणजे त्या घोंगडीवाल्या वहिनी तुम्हीच!”

“घोंगडी आमच्या आबांची,” मी म्हणाले. “मी नुसती पिशवी शिवली.”

“ती नव्हे हो. घोंगडीत ऊब कोंडते, हे तुम्हीच ओळखलंत ना? तुमचे मिस्टर दर रविवारी येतात ते तुमचंच सगळं घेऊन येतात. बायको असं असं म्हणते, ते बरोबर आहे का बघा. मी आपली हो म्हणते. बरोबरच असतं तर नाही कशी म्हणू? इन्व्हर्टरचंसुद्धा. म्हणाले, बायको तोंडाने काही बोलली नाही, पण कोथिंबीर अशी आपटली की मला शंका आली.”

मी हळदीची वाटी हातात घेऊन तशीच बसले.

“खरं सांगू का वहिनी?” त्या हसत होत्या, पण डोळ्यांत हसू कमी होतं. “मला तुमचा राग यायचा. माणूस एवढ्या लांबून येतो, मला वाटायचं काहीतरी अवघड विचारील, डोकं चालवायला मिळेल. तर उत्तर शिरूरहून आधीच ठरून आलेलं. माझ्यासाठी काही शिल्लकच नाही.”

एक क्षण मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मी जिच्यावर जळत होते, ती माझ्यावर जळत होती! आणि दुसऱ्याच क्षणी पूर्वीपेक्षा दुप्पट राग आला. म्हणजे ह्यांनी माझं ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं, कोथिंबीरसुद्धा. पण माझा शब्द घरातल्या घरात चालत नव्हता. तो न्हावऱ्यावरून चौफुल्याला जायचा, गाडी बदलायचा, दौंडला शिक्का मारून घ्यायचा, आणि मग ‘मॅडम म्हणाल्या’ होऊन माझ्याच चुलीपाशी परत यायचा. अक्कल माझी आणि शिक्का तिचा. मला आता त्या शिक्क्याचा हेवा वाटायला लागला.

मॅडमनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन वस्तू काढल्या आणि हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी ठेवल्या. दोन्ही स्विचिंगचे कन्व्हर्टर, बाराचे पाच करणारे, काड्यापेटीपेक्षा थोडे मोठे. एक उघडा, त्याचं तांब्याच्या तारेचं वेटोळं वर दिसत होतं. दुसरा पत्र्याच्या डबीत बंद.

“मी उघडा घेईन,” त्या म्हणाल्या. “हा कमी वाया घालवतो. बॅटरी जास्त वेळ चालेल.”

मी दोन्ही उचलून पाहिले. बाहेर पायरीवर आबा खोकत होते. शेजारची एक बाई कुंकू लावून घ्यायला आली होती, ती आमच्या दोघींकडे बघत तशीच उभी राहिली.

“मी डबीतला घेईन,” मी म्हणाले. “उघडा आहे तो फार गडबड्या असतो. त्याची खरखर काचेत उतरेल. चित्रात रेघा येतील. चित्रच दिसलं नाही तर बॅटरी जास्त चालून करायचं काय?”

“येतीलच असं नाही. काच आणि कन्व्हर्टर एकमेकांपासून लांब ठेवायचे.”

“एकाच माणसाच्या अंगावर किती लांब ठेवणार? तो काय हत्ती आहे?”

शेजारीण खुदकन हसली. मॅडमही हसल्या, पण मागं हटल्या नाहीत. मला ते आवडलं, आणि आवडलं ह्याचाही राग आला. मी कुंकू लावून शेजारणीला वाटेला लावलं. तोवर मॅडमनी दाराकडे तोंड करून हाक मारली, “अहो साहेब, जरा इकडे या.”

हे उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आत यायची पंचाईत.

“आज आमचं दोघींचं जमत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मी हा म्हणते, वहिनी तो म्हणतात. आता तुम्ही सांगा, कोणता?”

इतके दिवस माझं मत आणि तिचं मत एकच होतं, म्हणून ह्यांचं निभावत होतं. आज पहिल्यांदा दोन वाटा फुटल्या होत्या. ह्यांनी आधी उघड्या कन्व्हर्टरकडे पाहिलं, मग डबीकडे, मग आबांकडे, आणि शेवटी मॅडमकडे. माझ्याकडे नाही.

“मॅडम, तुम्ही म्हणताय तर… तोच लावू.”

आबा पायरीवरून म्हणाले, “च्यायला.”

मी तिळगुळाची वाटी पुढे केली. गोड बोला म्हणायचं असतं, ते काही माझ्या तोंडातून आलं नाही. मॅडमनी उघडा कन्व्हर्टर ह्यांच्या हातात दिला आणि ह्यांना परत बाहेर पाठवलं. मग तबक स्वतःकडे ओढलं. “माझं हळदीकुंकू ह्या वर्षी राहिलं,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही एवढ्या लांब कशाला याल? माझं वाण मी इथंच देते.” त्यांनी मला हळदीकुंकू लावलं, आणि त्याच बोटांनी ती पत्र्याची डबी उचलून माझ्या ओंजळीत ठेवली. डबीवर पिवळं आणि लाल बोट उमटलं.

“हे तुमचं. वाण दुसऱ्याला देऊन टाकायचं नसतं, माहीत आहे ना? साहेबांनाही नाही.”

वाण नाकारताही येत नाही. मी घेतलं. नमस्कार केला. त्या गेल्यावर डबी मी फळीवर, मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवली, पुढून दिसेल अशी.

ह्यांनी उघडा कन्व्हर्टर मला जोडायला सांगितला. मी जोडला, आणि मनापासून चांगला जोडला, कारण रेघा आल्या तर त्या माझ्या जोडामुळं आल्या असं कुणी म्हणायला नको होतं. पट्टा बांधला. कंबर थंड. बोर्ड चालू. काचेत नकाशा आला आणि नकाशावर तिरप्या रेघा, एकामागून एक, सरकत सरकत.

ह्यांनी बॅटरी डावीकडून उजवीकडे घेतली. तारा पाठीमागून फिरवल्या. काचेला माझ्या डब्यातला चांदीचा कागद गुंडाळला. कन्व्हर्टर पार ढोपराजवळ बांधून पाहिला. आबांनी एकदा काच डोळ्याला लावली आणि म्हणाले, “ह्यात तर पाऊस पडतुय की रं. आन् तू शिडीव चढणार ह्ये बघून?” मी पोळ्या लाटत होते. त्या आठवड्यात माझ्या पोळ्या फार गोल झाल्या. रेघा दिसल्या की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. कुणाचं नुकसान होत असताना असं वाटू नये म्हणतात, मला वाटलं. डबी फळीवरच होती. हे पाणी प्यायला यायचे, तिच्याकडे बघायचे, आणि पाणी पिऊन जायचे.

मग एका संध्याकाळी हे बाहेरून आले, चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. पट्टा हातात होता.

“अगं,” हे म्हणाले. “ऐक ना. कोणता लावू?”

मी गॅस बारीक केला. हात धुतले, पदराला पुसले. वर्षभरात ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मी किती तऱ्हांनी ठरवून ठेवलं होतं. एक गोड होतं, एक शहाणपणाचं होतं. तोंडातून आलं ते तिसरंच.

“दौंडला विचारून या.”

“विचारलं,” हे सरळपणे म्हणाले. “आत्ताच स्टँडावरच्या बूथवरून फोन केला होता.”

“मग? काय म्हणाल्या मॅडम?”

“म्हणाल्या, घरी विचारा.”

ह्यांना वाटलं मी खूश होईन. ह्यांच्या तोंडावर तसं होतं. मी फळीला धरून उभी राहिले. इतकी वाट पाहिलेला प्रश्न आला होता, पण तोसुद्धा शिक्का मारून आला होता. माझ्याच नवऱ्याने माझ्याच घरात मला विचारावं, ह्याचीही परवानगी तिनेच दिली. ती बाई चांगली होती, हे मला कळत होतं. म्हणूनच जास्त जळत होतं.

मी डबी काढली. त्यावरचं हळदीकुंकू वाळून गेलं होतं, पण पुसलं नव्हतं. ते मी तसंच ठेवलं. उघडा कन्व्हर्टर सोडवला, डबीतला बसवला. ह्यांनी पट्टा बांधला आणि काच डोळ्याला लावली. मग काच काढून माझ्या डोळ्याला लावली. नकाशा स्वच्छ होता. रेघ नाही, थरथर नाही. अक्षरन् अक्षर वाचता येत होतं.

“वा!” ह्यांनी मांडीवर थाप मारली. “रविवारी मॅडमना सांगितलं पाहिजे.”

“मी सांगते,” मी म्हणाले. “ह्या रविवारी दौंडला मी जाणार आहे. त्या सोल्डरची कुठली तार वापरतात ते बघायचंय मला. आणि पुढच्या पट्ट्याला कुठली काच लावायची ते आम्ही दोघी ठरवणार आहोत. तुम्ही घरी थांबा.”

ह्यांनी पट्ट्याचं बक्कल काढलं, परत लावलं. आबा बाहेर पायरीवर होते, तिकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“मग मी काय करू?” ह्यांनी विचारलं.

एका संध्याकाळी दोन प्रश्न. हा दुसरा मात्र दौंडहून आलेला नव्हता.